आठवा महिना कुणालाच नव्हता

“नववा लागलाय, डॉक्टर,” नातीची सासू म्हणाली.

लागला नव्हता. आठवासुद्धा निम्माच झाला होता. हे मला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, आणि टेबलावर ओढणी दातात धरून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या माझ्या नातीलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डॉक्टरला. आणि ठरवायचं त्यालाच होतं.

डॉक्टर म्हणजे पोरगाच. त्याने आधी नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, जसं काही दुखणं तिथंच सापडणार होतं. मग पोटावर हात फिरवला.

“नववा असेल तर काळजी नाही. होऊ द्या. बाळ लहान लागतंय हाताला, पण यांच्यात लहानच असतात.”

शेवटचं वाक्य तो सिस्टरला म्हणाला. आम्ही तिथंच उभ्या होतो, पण आम्हाला ऐकू येईल असं त्याला वाटलं नसावं.

“आठवा हाय,” मी म्हणाले.

सासूने माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. “आजी, तुम्ही गप बसा. तुम्हाला काय म्हाईत? तुम्ही तिकडं वरवंडाला ऱ्हाता.”

“वरवंडाला बी म्हैने हितल्यासारखंच मोजत्यात.”

डॉक्टर वैतागला. “एक काहीतरी सांगा. आठवा असेल तर मला कळा थांबवायचं औषध द्यावं लागेल, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यावं लागेल. नववा असेल तर यातलं काही नको. फाईल कुठंय?”

फाईल सणसवाडीला, नात आणि तिचा नवरा कंपनीजवळ राहतात त्या खोलीत होती. खोलीला कुलूप होतं, किल्ली नवऱ्याकडे होती, नवरा कंपनीत होता आणि त्याचा फोन गेटवर जमा होता. सोनोग्राफीवाला येऊन गेला होता, आता तो उद्याच.

“पेशंटलाच विचारतो,” डॉक्टर म्हणाला. “बाई, कितवा महिना?”

नातीने सासूकडे बघितलं. बारावी झालेली पोरगी. कंपनीत मशिनचे सुटे भाग तपासते, केसाएवढा ओरखडा असला तरी माल परत पाठवते. ती म्हणाली, “नववा.”

हे असं का, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे म्हणतात, सातव्याचं मूल जगतं, नवव्याचं तर जगतंच, पण आठव्याचं जगत नाही. का, ते कुणी विचारायचं नाही. म्हणून आठवा लागला की बायका त्याचं नाव घेत नाहीत. सातवा संपला की थेट “नववा लागंल आता.” आठव्यात प्रवास नाही, ओटी नाही, पाहुण्याकडे जेवण नाही. नातीला बाळंतपणासाठी मी सातव्यातच न्यायला आले होते, कारण तिची आई, म्हणजे माझी लेक, वारलेली आहे आणि नातीचं माहेर म्हणजे मी. तेव्हा कंपनीतून सुट्टी मिळेना. मग आठवा लागला, आणि सासू म्हणाली, आता माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून मीच कोरेगाव भीमाला त्यांच्या घरी येऊन राहिले. नात तिच्या सुट्टीच्या दिवशी सणसवाडीहून भेटायला आली आणि तिथंच कळा सुरू झाल्या. माहेरचा उंबरा न ओलांडता.

आणि ही सासू कोण? विहाराच्या महिला मंडळाची पुढारी. वंदना तोंडपाठ. बावीस प्रतिज्ञा न अडखळता म्हणते आणि दुसरी अडखळली तर डोळे वटारते. घरात एक देव ठेवला नाही, सुपात घालून विहिरीत सोडले तिच्या सासऱ्याने. देव सोडले, पण आठवा महिना काही सोडवला नाही. तो विहिरीत टाकता येत नसावा.

तर नात म्हणाली, “नववा.” डॉक्टर हात धुवायला वळला.

मी टेबलाजवळ गेले. “पोरी, हिकडं बघ. सासूला बरं वाटावं म्हणून पोर मारतीस व्हय? पोर मेल्यावर सासू खूश ऱ्हाईल का?”

“आजी!” सासू किंचाळली. “शुभ बोला!”

“शुभ तुम्ही बोलताय मघापासनं. त्यानंच वाट लागाय लागली.”

तेवढ्यात कळ आली. ती गेल्यावर नातीने ओढणी तोंडातून काढली आणि छताकडे बघत म्हणाली, “आजी म्हणते ते खरंय. आठवा.”

डॉक्टर परत आला. त्याने सिस्टरला कसलीतरी औषधं भराभर सांगितली. मग आमच्याकडे वळून म्हणाला, “हे आधी सांगायला काय होतं तुम्हाला? तुम्हा लोकांचं हेच असतं.”

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. आम्ही खोटं बोललो होतो. पण बाळ हाताला लहान लागलं तेव्हा त्याला खोटं समजायला पाहिजे होतं. त्याला ते लहान बाळ बाळाचं वाटलं नाही, आडनावाचं वाटलं. आम्ही महिना चोरला आणि त्याने चोरी पदरात घेतली, कारण माल त्याच्या अंदाजातला होता.

बाहेर बाकावर सासू माझ्यापासून लांब बसली. मग तिने एकदाच बोलून घेतलं. “माझ्या नातवाला काही झालं ना आजी, तर ते तुमच्या जिभंनं झालं. आठवा म्हणून तुम्ही पुकारलंत.”

आता माझ्या डोक्यावर ते आलं. पोर गेलं तर मी मारलं, आणि गावोगावच्या मंडळात हे सांगितलं जाणार. मी बांगडी रुतलेला दंड चोळत बसले. तिला घाबरले नव्हते. पोर गेलं असतं तर मला कुणी काय म्हटलं याने फरक पडला नसता, आणि राहिलं तर तिच्या बोलण्याने पडणार नव्हता.

दवाखाना एका ट्रस्टचा, हायवेला लागून. रेशनकार्डावर फुकट होतं आणि वेळेआधी आलेल्या बाळांसाठी काचेच्या पेट्या आहेत म्हणून आसपासच्या तालुक्यांतले सगळेच तिथं येतात. गरीब कार्डासाठी येतात, पैसेवाले पेटीसाठी. नुसत्या बायका बघितल्या तर कोण कुठली ते कळत नाही, सगळ्या तेच हिरवे झगे घालून पडलेल्या. बरोबर आलेल्या सासवा बघितल्या की कळतं.

औषधाने नातीच्या कळा थांबल्या. तिला वॉर्डात आणलं. तिला तापही होता, लघवीत इन्फेक्शन निघालं. मग कारणं सुरू झाली. सासू म्हणाली पपई खाल्ली असेल. शेजारची म्हणाली ग्रहणात बाहेर पडली असेल. कुठल्याशा संस्थेच्या एक ताई वॉर्डात फिरत होत्या, गळ्यात कार्ड, हातात चित्रं. चित्रातली गरोदर बाई गोरी होती, खुर्चीत बसलेली, हातात सफरचंद. ताई माझ्याजवळ वाकून, मी बहिरी आहे असं समजून, मोठ्याने म्हणाल्या, “आजी, तुमच्या समाजात वेळेआधीची बाळंतपणं जास्त होतात. कारण जागृती नाही.”

“जागीच असते की बाई ती. पहाटेपासनं.”

त्या हसल्या. पुढच्या खाटेकडे गेल्या.

खरं कारण नातीनेच सांगितलं, मी विचारल्यावर. कंपनीत बायकांना संडास एकच, तोही लांब, दुसऱ्या शेडच्या मागे. लाइन सोडायची तर सुपरवायझरला विचारायचं. तो म्हणतो, “फिर से? अभी तो गई थी.” सगळ्यांसमोर. म्हणून ती पाणीच प्यायची नाही. दिवसभर उभी, आणि घोटभर पाण्यावर. पोट दिसायला लागलं तर कॉन्ट्रॅक्टर काढून टाकतो, म्हणून पहिले काही महिने ढगळ ड्रेस घालून लपवलं. दवाखान्यात नावही उशिरा घातलं.

“मला सांगायचं न्हाई व्हय?” मी म्हणाले.

“सांगून काय केलं असतंस?”

मी तिला पाणी प्यायला लावलं.

समोरच्या खाटेवर कोण होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याच गावच्या थोरल्या घरची सून. जिथं मी लग्न होऊन आल्यापासून खुरपलं, कांदा लावला, ऊस बांधला, ते घर. सुनेचं माहेर शिरूरकडचं. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली, आणि तिलाही कळा वेळेआधीच आल्या. पोट कापून मुलगा काढला आणि पेटीत ठेवला. सासू वरवंडाहून गाडी करून आली होती. तिला मी वैनी म्हणते. ती माझ्यापेक्षा चांगली पंधरा वर्षांनी लहान आहे. तरी ती मला अगं म्हणते आणि मी तिला अहो. ती लग्न होऊन आल्यापासूनची सवय, तिची आणि माझी.

“अगं, तू हितं कशी?” वैनी म्हणाली.

सांगितलं.

“तुझ्या नातीला काय व्हायचं न्हाई बघ. तुमच्या बायका काटक. आमची ही नाजूक. हिला कॉम्प्लिकेशन झालं.”

हा शब्द तिने दवाखान्यात आल्यावर शिकला असावा. मी त्या वॉर्डात जे दिवस काढले, त्यात एक गोष्ट शिकले. बाळ वेळेआधी आलं, आणि बाई थोरल्या घरची असली, तर ते कॉम्प्लिकेशन. बाई आमच्या वस्तीवरची असली तर अडाणीपणा. आणि परप्रांतातली असली तर त्याला नावच नाही, “त्यांच्यात असंच असतं.” पोर तेच, पेटी तीच, नळी तीच.

काटक हा शब्द मला फार जुना ओळखीचा. थोरल्या घरी ओसरीवर एक गोष्ट सांगतात, पाहुणे आले की हमखास. माझ्या सासूची गोष्ट. त्यांच्या मळ्यात खुरपता खुरपता ती बांधाआड गेली, बाळंत झाली, खुरप्यानेच नाळ कापली, पोर पाटीत घातलं आणि पाटी डोक्यावर घेऊन घरी गेली. “असल्या काटक बायका होत्या!” म्हणतात आणि पाहुणे माना डोलावतात. ही गोष्ट ते इतक्या कौतुकाने सांगतात की एकदा मला वाटलं, सासूचा फोटो लावतील ओसरीवर. पुढचं ते सांगत नाहीत. पाटीतलं पोर आठवड्याच्या आत गेलं. माझीसुद्धा दोन अशीच गेली, मी काही शेतात बाळंत झाले नव्हते, घरात झाले होते. ‘कच्चं होतं’ म्हणायचे. फळासारखं. कच्चं कुणी तोडलं, ते विचारायचे नाहीत. तोडणी चालू असायची, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी पुन्हा उसात.

वैनीला मी एवढं सगळं बोलले नाही. एवढंच म्हणाले, “काटक बैलालाच जास्ती जुपत्यात, वैनी. मग मरतो बी तोच आदी.”

“तू ना, जन्मात सरळ बोलायची न्हाईस,” वैनी म्हणाली, आणि मला डब्यातला शिरा दिला. शिरा चांगला होता, मी खाल्ला.

नातीच्या खाटेच्या पलीकडे, भिंतीला, एक बाई होती. बिहारकडची. सणसवाडीत पत्र्याच्या खोलीत राहणारी. आम्ही ज्या दुपारी आलो, त्याच दुपारी तीही आली होती. आमच्या मागे, नवऱ्याच्या खांद्याला धरून. डॉक्टरने आमचं आटपून तिला विचारलं, “कितना महीना?” ती कळेतच, तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, कुणाला समजलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “महीना पूरा हो गया होगा, साहब.” बापाला काय ठाऊक असणार. तिच्याबरोबर बाई माणूस कुणी नव्हतं. खोटं बोलायला नाही आणि खरं बोलायलाही नाही. तिला बाकावर बसवलं, वेळ आहे म्हणून. वेळ नव्हता. अंधार पडायच्या आत तिला मुलगा झाला. तोही पेटीत.

नातीची सासू त्या बाईकडे बघून मला म्हणाली, रागातला अबोला थोडा वेळ बाजूला ठेवून, “ह्या लोकांच्यात असंच बघा आजी. लेकरं लई, आन् सगळी कच्ची. शिक्षण न्हाई ना.”

वैनी आमच्याबद्दल जे बोलते तेच हे, एक पायरी खाली सरकवलेलं. त्या बाईच्या खाली अजून कुणी असतं तर तिने कुणाला काय म्हटलं असतं, कोण जाणे. पण ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची सासू तिकडे बिहारात, फोनवर रडायची, आणि फोनचा आवाज मोठा होता म्हणून आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं.

औषधं आणि इंजेक्शनं पूर्ण झाली. मग एका सकाळी नातीच्या कळा पुन्हा आल्या आणि यावेळी थांबल्या नाहीत. मुलगी झाली. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी, लाल, म्हाताऱ्या माणसासारखी कपाळाला आठ्या घातलेली. माझ्यासारखी दिसते म्हणाले सगळे. रडली. बारीक आवाजात, पण स्वतःहून. डॉक्टर म्हणाला, “इंजेक्शन लागू पडलं.” मी म्हणाले, बरं झालं. तो चांगला डॉक्टर होता तसा. एकदा महिना कळल्यावर त्याने काही कमी केलं नाही.

सासू मुलगी बघून म्हणाली, “नातू म्हनलं होतं.” मग थोड्या वेळाने तीच काचेला कपाळ टेकवून उभी होती. सिस्टर हाकलेपर्यंत हलली नाही.

पुढचं काम निराळंच निघालं. सिस्टर म्हणाली, पेटीतून काढून बाळाला माणसाच्या उघड्या छातीवर ठेवायचं, तासन् तास. कातडीला कातडी. त्याने बाळ ऊब धरतं, श्वास विसरत नाही. नातीला ताप होता, तिला अजून चालणार नव्हतं. सासूने हात मागे घेतले. “मला न्हाई जमायचं. माझ्या हातात काही झालं तर?” घाबरली होती, आणि मी तिला दोष देत नाही. तर मी.

“आजी, ब्लाउजची बटणं काढा,” सिस्टर म्हणाली.

“आता ह्या वयात?”

“बाळ बघायला येत नाही काही.”

मला झगा दिला पुढून उघडा, आणि खुर्चीत बसवलं. माझ्या छातीवर आता मांस म्हणून नाही, बरगड्या आहेत. सिस्टरने ते पोर त्या बरगड्यांवर बेडकासारखं पालथं ठेवलं आणि वरून फडक्याने बांधलं. फार काही वाटलं बिटलं नाही. भीती वाटली ती एवढीच, की मला खोकला येईल.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि तसाच झगा घालून वैनी आली. त्यांच्या सुनेचे टाके दुखत होते. वैनीने झगा दोन्ही हातांनी गच्च मिटलेला. “अगं बाई, हे काय गं! घरच्यांसमोर पदर पडू दिला न्हाई कवा.” तिच्या छातीवर त्यांचा नातू बांधला. मग आम्ही दोघी शेजारीशेजारी, दोन खुर्च्यांवर, उघड्या छातीच्या. त्यांच्या घरी मी अजून पायरीवर बसते. खुर्ची कुणी दिली नाही आणि मी मागितली नाही. आता इथं सारख्या खुर्च्या, सारखे झगे, सुकलेल्या छात्याही सारख्या. एवढ्यावरून समता आली असं कुणी समजू नये. वैनीने सिस्टरला सांगून तिची खुर्ची पंख्याखाली ओढून घेतली.

बसून बसून कंटाळा आला. मी विचारलं, “वैनी, तुमच्या सुनेला कितवा होता?”

“सातवा.”

“खरं?”

“सातवाच म्हन. सातव्याचं जगतं.”

“मी कुणाला सांगाय चालले न्हाई. फायलीत काय हाय?”

तिने दाराकडे बघितलं. काचेपलीकडे बघितलं. मग नातवाच्या टाळूवरचं फडकं सारखं करत हळूच म्हणाली, “आठवा. पन तू बोलू नगंस.”

“मग डॉक्टरला काय सांगितलं?”

“सातवा म्हनलं की. त्यो हसला. त्याच्याकडं पुण्यातल्या डॉक्टरीनबाईंनी आदीच सगळं फोनवर धाडलं होतं. दर म्हैन्याचे फोटो हायत आमच्याकडं, पोटातले.”

मी हसले. पोर छातीवर हललं म्हणून हसू आवरलं. म्हणजे आमच्या घरी नववा, त्यांच्या घरी सातवा, आणि त्या वॉर्डात आठवा महिना कुणालाच नव्हता. खुळेपणा दोन्ही घरचा एकच. त्यांना कुणी अडाणी म्हणालं नाही, कारण त्यांच्याकडे फाईल होती. त्यांचं खोटं डॉक्टरने हसण्यावारी नेलं. आमच्याकडे नव्हती, तर आमचं खोटं पोराच्या नरड्यापर्यंत आलं. माणसाने खोटं बोलावं तर मागे पुण्याची डॉक्टरीण ठेवून बोलावं.

“हसतीस काय?” वैनी म्हणाली.

“काय न्हाई. तुमच्यात बी खोटं आमच्यासारखंच बोलत्यात, ते बघून बरं वाटलं.”

“तुझी जीभ एक दिवस झडनार.”

“नातीची सासू बी तेच म्हनतीय.”

मग तिने एक विचारलं, माझ्याकडे न बघता. “तुझी दोन गेली होती ना गं? कांद्याच्या वरसाला एक?”

“व्हय.”

“मला ठावं हाय. तवा मी नवी नवरी होते. आत्याबाई म्हनल्या होत्या, तिला उद्या बोलवू नगा. मग मामंजी म्हनले, कांदा थांबतो व्हय?”

कांदा थांबत नाही हे खरं आहे. तिचा नातू उचक्या द्यायला लागला, मग तिला दुसरं काही सुचेना.

आम्ही अशा रोज बसायचो. मध्ये तिसरी खुर्ची रिकामी असायची. ती बिहारच्या बाईची होती. तिचा मुलगा अजून पेटीतून काढण्यासारखा नव्हता. त्याला मशिनने श्वास देत होते. ती खुर्चीत येऊन बसायची, झगा घालून, बटणं काढून तयार, आणि सिस्टर रोज म्हणायची, “आज नहीं, कल देखेंगे.” ती झगा पुन्हा लावायची आणि जायची. एकदा वैनीने तिला शिरा दिला. नातीची सासू तिला दोनदा गरम पाणी आणून देताना मी बघितली. कुणी बघत नाही असं बघून आणलं होतं तिने.

एका दुपारी सिस्टर पळत आली, मग डॉक्टर. पडदा ओढला. आम्ही दोघी खुर्चीतून उठू शकत नव्हतो, छातीवर पोरं बांधलेली. वैनीने डोळे मिटले आणि कसलंतरी स्तोत्र पुटपुटायला लागली. मी पडद्याकडे बघत बसले. बाई तिथंच उभी होती, झगा घातलेली. तिला बाहेर जा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

नंतर डॉक्टर तिला हिंदीत समजावत होता, हळू आवाजात. त्याचा चेहरा उतरला होता. फुप्फुसं तयार नव्हती, म्हणाला. इंजेक्शनला वेळच मिळाला नाही, म्हणाला. बाईने एकच विचारलं, ते मला समजलं. “आपने महीना पूछा था। मैंने तो आठवाँ बोला था न?”

तो पडद्याची कड सरळ करायला लागला. मलाही आता आठवलं, तिने बाकाजवळ जे म्हटलं होतं ते तसंच काहीतरी होतं. सगळ्या दवाखान्यात विचारल्याबरोबर खरा महिना सांगणारी पोटुशी तेवढी एकच होती, आणि तिचंच कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

आता नातीची सासू मंडळात सांगते, तिने स्वतः नववा म्हटलं म्हणून पोर वाचलं. वैनी गावात सांगते, सातव्याचं होतं म्हणून वाचलं. दोघींशी मी वाद घालत नाही. नातीला कंपनीने परत घेतलं नाही. ती आता दुसऱ्या कंपनीत आहे, तिथला संडास जवळ आहे म्हणते.

माझी नात जगली. तिची मुलगी जगली. थोरल्या घरची सून आणि तिचा मुलगा जगले. बिहारची बाई जगली. तिचा मुलगा जगला नाही.